पडदा, अल्क आणि मासळीचा वास

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी एका कारखान्याच्या पाणी शुद्धीकरण विभागात शिकाऊ म्हणून लागलो होतो. बॉयलरला लागणारे पाणी पूर्ण क्षारमुक्त करायचे, हे या विभागाचे काम. कामगारांच्या भाषेत ‘डीएम प्लांट’. पहिल्याच आठवड्यात एका उंच टाकीचे झाकण उघडले आणि पहाटे भाऊच्या धक्क्यावर उभे राहिल्यासारखा वास नाकात शिरला. आसपास समुद्र नाही, बाजार नाही, आणि मासळीचा वास कुठून? जुने ऑपरेटर काका हसले. म्हणाले, “मासळी नाही साहेब, रेझिन आहे. ॲनायनचं रेझिन असंच वासतं. थोडा वास चालतो. जास्त यायला लागला की समजायचं, रेझिन चाललं.”

पुढे काही महिन्यांनी त्याचा प्रत्यय आला. या रेझिनचे मणी ठरावीक काळाने कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणाने धुऊन ताजे करावे लागतात. एका रात्री हीटरचा थर्मोस्टॅट अडकला आणि द्रावण कोमटऐवजी चांगलेच गरम होऊन टाकीत गेले. सकाळी शेडमध्ये पाऊल ठेववत नव्हते. मणी दिसायला तसेच, पिवळसर, टपोरे. पण पाणी शुद्ध करण्याची त्यांची ताकद निम्म्यावर आली होती. अख्खी टाकी उपसून नवे रेझिन भरावे लागले.

हा वास ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या वायूचा. शिळ्या समुद्री माशालाही तोच वास येतो. माशाच्या अंगातल्या एका पदार्थापासून जिवाणू तो तयार करतात. आपल्याकडे माशाला लिंबू किंवा कोकमाचे आगळ लावतात, त्यामागे चवीइतकेच हेही रसायनशास्त्र आहे. आंबटातल्या आम्लाशी संयोग झाला की या अमाइनचा क्षार बनतो, आणि क्षार उडून नाकापर्यंत येत नाही. रेझिनच्या टाकीत मात्र नेमकी उलटी स्थिती असते. तिथे आम्ल नसते, असतो तीव्र अल्क.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, आणि केपीआयटी यांनी २०२० मध्ये फ्युएल सेलवरची मोटार चालवून दाखवली, २०२२ मध्ये बस आणली. ही वाहने स्वस्त कधी होणार, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका पातळ पडद्यात अडकले आहे. आणि तो पडदा ज्या कारणाने मरतो, ते कारण आमच्या त्या टाकीतलेच आहे.

फ्युएल सेल, म्हणजे इंधन घट, ही तशी साधी वस्तू. एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि मधे असे काहीतरी ठेवायचे की वायू एकमेकांत मिसळणार नाहीत, पण विद्युतभारित कण म्हणजे आयन पलीकडे जाऊ शकतील. इलेक्ट्रॉनना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. तो वळसा म्हणजेच आपली वीज. शेवटी उरते पाणी. आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळपास सगळ्या हायड्रोजन मोटारींत हा मधला पडदा आम्लधर्मी असतो. त्यातून प्रोटॉन जातात. पडदा उत्तम आहे, टिकाऊ आहे. अडचण त्याच्या शेजाऱ्यांची आहे. तीव्र आम्लात निकेल, लोखंड, कोबाल्ट असे साधे धातू विरघळतात, त्यामुळे उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम वापरण्यावाचून गत्यंतर नसते.

अल्कात चित्र पालटते. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत दाट, उकळते द्रावण हाताळायला निकेलची भांडी वापरतात, कारण निकेलला अल्काचे काही वाटत नाही. म्हणजे घट अल्कधर्मी केला तर स्वस्त धातूंवर भागू शकते. (पूर्णपणे नाही, हायड्रोजनकडची क्रिया अल्कात मंदावते, हे दुखणे वेगळे आहेच.)

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधला अभियंता फ्रान्सिस टॉमस बेकन १९३० च्या दशकापासून तिच्या मागे होता. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि निकेलचे इलेक्ट्रोड वापरून १९५९ मध्ये त्याने सुमारे ५ किलोवॅटचा घट लोकांसमोर चालवून दाखवला. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि अपोलो यानांना चंद्राच्या वाटेवर वीज मिळाली ती अशा अल्कधर्मी घटांतून. घटांतून निघणारे पाणी अंतराळवीर पीत असत. मग चंद्रापर्यंत गेलेली वस्तू पुण्याच्या रस्त्यावर का आली नाही?

उत्तर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होऊन कार्बोनेट बनते, ते दिसते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचेही तेच होते. अपोलोकडे टाकीत भरलेला शुद्ध ऑक्सिजन होता. आपल्याकडे हवा आहे आणि तिच्यात ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड. एवढासा वायू पुरतो. पोटॅशियम कार्बोनेटचे स्फटिक इलेक्ट्रोडच्या सूक्ष्म छिद्रांत साचतात, छिद्रे बुजतात, वर द्रावण गळण्याची भीती आहेच.

यावर तोडगा असा निघाला की द्रावणच नको, पडदा करू. पॉलिमरच्या साखळीला धनभारित गट रासायनिक बंधाने कायमचे बांधून टाकायचे. त्यांच्या सोबतीने ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन राहतील आणि एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकत पलीकडे पोहोचतील. पोटॅशियमसारखा मोकळा धनभार नसल्यामुळे स्फटिक बनायला जोडीदारच उरत नाही. कार्बन डायऑक्साइडचा त्रास पूर्ण जात नाही, पडद्याची वाहकता त्याने घटते, पण छिद्रे बुजण्याचा प्रश्न सुटतो. युक्ती खरोखर छान आहे. फक्त तिच्यात एक विसंगती लपलेली आहे: ज्या हायड्रॉक्साइडने पडद्यातून प्रवास करायचा, तोच पडद्याचा शत्रू आहे.

धनभारित गट म्हणून पहिल्यांदा घेतला गेला तो डीएम प्लांटच्या रेझिनमधलाच गट. मध्यभागी नायट्रोजनचा अणू, त्याला कार्बनचे चार हात. तीन हात छोटे मिथाइलचे, चौथा साखळीला धरलेला. त्याला चतुष्क अमोनियम म्हणू. हा गट साध्या पाण्यात वर्षानुवर्षे सुखाने राहतो. पण अशा रेझिनच्या माहितीपत्रकात, हायड्रॉक्साइड रूपात असताना साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, अशी सूचना असते. वाहनातला घट मात्र ८० अंशांच्या आसपास चालवायचा असतो. तंटा इथेच सुरू होतो.

हायड्रॉक्साइड दोन प्रकारे घाव घालतो. पहिला थेट. नायट्रोजनला चिकटलेल्या कार्बनवर तो मागच्या बाजूने येऊन आदळतो. कार्बनचे बाकीचे तीन बंध, वादळी वाऱ्यात छत्री उलटावी तसे पलीकडे उलटतात आणि नायट्रोजनची पकड सुटते. साखळीकडचा कार्बन असा तुटला की मोकळे होते ते ट्रायमिथाइलअमाइन, आपला मासळीचा वास. धनभार गेला, म्हणजे हायड्रॉक्साइडला थांबायला ठिकाण उरले नाही. पडदा जागेवर असतो, पण त्या जागी तो आता नुसते प्लास्टिक असतो.

दुसरा घाव जास्त चोरटा. नायट्रोजनपासून दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर जो हायड्रोजन असतो तो हायड्रॉक्साइड उपटून नेतो, त्याचे पाणी होते, आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनच्या रेट्याने नायट्रोजन बाहेर ढकलला जातो. ही क्रिया ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये काम करताना १८५१ मध्ये वर्णन केली. त्या काळी वनस्पतींतल्या अल्कलॉइडांची रचना कळायला साधने नव्हती. मोठा रेणू ठरावीक जागी तोडून त्याचे तुकडे ओळखायचे, यासाठी हॉफमनची क्रिया पुढे कित्येक दशके कामी आली. रेणू तोडण्याचे जे हत्यार रसायनशास्त्रज्ञांनी पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती दिले, त्याच हत्यारापासून आता त्यांना आपला पडदा वाचवायचा आहे.

बरे, फक्त गट तुटतो असेही नाही. २०००च्या दशकात बरेच पडदे पॉलिसल्फोन या जातीच्या प्लास्टिकचे केले जात. हे प्लास्टिक कणखर आहे आणि अल्काला दाद देत नाही, म्हणूनच ते निवडले होते. तरीही पडदे ठिसूळ होऊन तडकत. २०१३ मध्ये क्रिस्टोफर आर्जेस आणि विजय रमणी यांनी दाखवले की साध्या पॉलिसल्फोनला काही होत नाही, पण त्याला धनभारित गट जोडला की तो गट आसपासचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आणि त्यामुळे साखळीतले ऑक्सिजनचे सांधे कमकुवत होऊन हायड्रॉक्साइडच्या तावडीत सापडतात. घरात आलेल्या पाहुण्याच्या वजनाने आढेच वाकावे, तसे. जो गट जोडल्याशिवाय पडद्याला अर्थ नाही, तोच त्याचा कणा मोडत होता. या शोधाने त्या जातीच्या पडद्यांवरची भिस्त बरीच कमी झाली, आणि ऑक्सिजनचे सांधे नसलेल्या, निव्वळ कार्बनला कार्बन जोडलेल्या साखळ्यांचा शोध सुरू झाला. माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयोगी काम हेच. नवे काही बनवण्याइतकेच, जुने का मोडते हे नेमके सांगणे मोलाचे असते. पुरस्कार मात्र पहिल्यालाच मिळतात.

गट कोणता निवडावा, याचाही निकाल हळूहळू लागत गेला. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत मारिनो आणि क्रॉयर यांनी २०१५ मध्ये अनेक गटांची एकाच कसोटीवर परीक्षा घेतली. कसोटी क्रूर होती: कॉस्टिक सोड्याचे अतितीव्र द्रावण, तापमान १६० अंश, अर्थातच बंद भांड्यात. आपल्या घरच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, यावरून कल्पना करा. नेहमीच्या वापरातला, बेंझीनच्या वलयाशेजारचा गट तिथे सुमारे ४ तासांत निम्मा संपला. पिपेरिडिनियम नावाचा, स्वतःच एका सहा अणूंच्या कड्यात बसलेला गट निम्मा व्हायला ८७ तास लागले.

हे अनपेक्षित होते, कारण या कड्यात दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन आहेत, म्हणजे हॉफमनच्या घावाला मोकळी जागा आहे. मग तो वाचला कसा? हॉफमनची क्रिया सहज घडायला उपटला जाणारा हायड्रोजन आणि बाहेर पडणारा नायट्रोजन एकमेकांच्या अगदी पाठमोरे असावे लागतात. सरळ साखळीत रेणू गिरकी घेऊन तशी स्थिती सहज गाठतो. कड्यात हात एकमेकांत गुंफलेले असतात, हवी तशी गिरकी घेता येत नाही. पाठमोरे होता आले नाही, म्हणून रेणू तुटला नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात यूशान यान यांच्या गटाने २०१९ मध्ये या कड्यांना ऑक्सिजनरहित साखळीत गुंफून पडदे केले, आणि आज या क्षेत्रात त्या घराण्यातले पडदे बरेच वापरले जातात. मात्र सुट्या रेणूचा टिकाऊपणा पडद्यात जसाच्या तसा उतरत नाही. ताठ साखळीला बांधले की कड्यावर ताण येतो आणि तो अपेक्षेपेक्षा लवकर तुटतो. कॅनडात स्टीव्हन होल्डक्रॉफ्ट यांनी वेगळा मार्ग धरला: नाजूक कार्बनच्या दोन्ही अंगांना मिथाइलचे जाडजूड पहारेकरी उभे करायचे, म्हणजे हायड्रॉक्साइडला तिथवर पोहोचताच येणार नाही.

आता या गोष्टीतला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग, पाण्याचा. हायड्रॉक्साइड पाण्यात असतो तेव्हा एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी घेरून असतात. गर्दीच्या गराड्यात सापडलेल्या माणसाला हात उगारता येत नाही, तसा तो बराचसा निरुपद्रवी होतो. गराडा विरळ केला की तोच आयन कमालीचा आक्रमक होतो. इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेत डारिओ डेकेल यांच्या गटाने २०१७ मध्ये, हायड्रॉक्साइडमागे पाण्याचे रेणू किती ठेवायचे हे मोजून प्रयोग केले. पाणी जवळजवळ नसेल, तर भरपूर पाण्यात तग धरणारे गट साध्या खोलीच्या तापमानालाही झपाट्याने नष्ट झाले.

आणि चालू घटात पाण्याची वाटणी मुळातच विषम असते. ऑक्सिजनकडच्या बाजूला हायड्रॉक्साइड तयार होताना पाणी खर्ची पडते; हायड्रोजनकडच्या बाजूला पाणी तयार होते, तेही खर्चाच्या दुप्पट. एकीकडे पूर, एकीकडे दुष्काळ, मधे काही दशांश मायक्रॉन नव्हे तरी जेमतेम २०-३० मायक्रॉनचा पडदा, म्हणजे केसाहूनही पातळ. गाडीने वेग घेतला, घटातून जास्त वीज ओढली, की दुष्काळी बाजू आणखी कोरडी पडते आणि पडदा तिथून मरू लागतो.

यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, तो चाचण्यांचा. पडदा टिकाऊ आहे हे दाखवण्याची रूढ पद्धत म्हणजे त्याचा तुकडा ८० अंशांच्या अल्कद्रावणात ५०० किंवा १,००० तास बुडवून ठेवायचा आणि नंतर मोजमाप घ्यायचे. बुडवून! म्हणजे पाण्याची चंगळ. ज्या दुष्काळात तो पडदा मरणार आहे, त्याची परीक्षाच झाली नाही. दुसरी गफलत हवेची. भांडे नीट बंद नसेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, पडद्यातल्या हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट होते, आणि कार्बोनेट स्वभावाने सौम्य. शत्रूच्या जागी त्याचा मवाळ भाऊ उभा राहतो आणि पडदा चाचणीत उत्तीर्ण होतो. तेव्हा ‘हजार तास अल्कात अभंग’ अशी बातमी वाचली की विचारायचे: द्रावणात बुडवून, की चालू घटात? तापमान किती? शुद्ध ऑक्सिजन होता, की साधी हवा?

चालू घटातले आकडेही आता बरे येऊ लागले आहेत, हे सांगायलाच हवे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी काही दिवस चालला तरी घट कौतुकाचा विषय होई. २०२० मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक इथल्या संशोधकांनी २,००० तास चाललेला घट नोंदवला. त्यासाठी पडद्याइतकेच पाण्याचे नियोजन सुधारावे लागले. २,००० तास म्हणजे किती? रोज १२ तास धावणाऱ्या शहर बसचे साडेपाच महिने. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अवजड मालट्रकच्या घटांसाठी २०३० पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे २५,००० तासांचे. त्याच बसच्या हिशेबाने पावणेसहा वर्षे. आम्लधर्मी पडदे त्या दिशेने पुष्कळ पुढे आहेत, म्हणून पुण्याची बसही त्यांच्यावरच चालते. आज बस विकत घ्यायची असेल तर मीही तीच घेईन.

पण हाच अल्कधर्मी पडदा उलट कामालाही लावता येतो: वीज द्यायची, पाणी फोडायचे आणि हायड्रोजन घ्यायचा. भारताने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचे लक्ष्य आहे आणि तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. एवढा हायड्रोजन आम्लधर्मी पडद्याच्या यंत्रांतून काढायचा तर इरिडियम लागेल, आणि हा धातू प्लॅटिनमहून दुर्मीळ आहे. अल्कधर्मी पडद्याला निकेल चालते. शिवाय या यंत्रात पडद्याला पाणी भरपूर मिळते, दुष्काळी बाजूचा प्रश्न बराच सौम्य होतो. म्हणून हे पडदे मोटारींच्या आधी इथे बाजारात आले. एनॅप्टर ही कंपनी अशी छोटी यंत्रे विकतेही.

मात्र तिथे एक नवाच त्रास समोर आला. या पडद्यांच्या साखळीत आणि इलेक्ट्रोडवरच्या लेपात बेंझीनची वलये असतात. ऑक्सिजन बाहेर पडतो त्या बाजूच्या जबर विद्युतदाबाखाली लेपातल्या वलयांवर ऑक्सिजन चढतो आणि त्यांचे फिनॉल होते, असे अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने दाखवले. फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल, कार्बोलिक साबणातले. आम्लच ते, आसपासच्या हायड्रॉक्साइडला गिळते आणि यंत्र मंदावते. सध्याचा उपाय म्हणजे शुद्ध पाण्याऐवजी त्यात थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळणे, म्हणजे बेकनचे द्रावण पातळ करून पुन्हा आत घेणे. ते न मिसळता, शुद्ध पाण्यावर वर्षानुवर्षे चालेल असा लेप आणि असा पडदा यांच्यावर अजून काम चालू आहे.